सात नंबरची केस

जागाबाईंच्या पदाचं नाव इतकं लांबलचक होतं की दारावरच्या पाटीत ते दोन ओळींत कोंबावं लागलं होतं, आणि तरीही शेवटचं अक्षर चौकटीखाली दबलेलंच होतं. विद्यार्थ्यांनी तो घोळ एका शब्दात मिटवून टाकला. जागा मिळवून देणारी बाई ती जागाबाई. दर वर्षी चोवीस जण कॉलेजात फिजिशियन असिस्टंट व्हायला यायचे, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली राहून पेशंट तपासायला, निदान सुचवायला, औषधोपचार सांभाळायला शिकायचे. दोन वर्षं पुस्तकं घोकून झाली की तिसऱ्या वर्षी त्यांना बारा-बारा आठवडे खऱ्या दवाखान्यांत, खऱ्या डॉक्टरांकडे धाडायचं. हे डॉक्टर शोधायचे, त्यांना गळ घालायची, कुणाला कुणाच्या गळ्यात बांधायचं ते ठरवायचं, हे सगळं जागाबाईंचं काम. अठरा वर्षं त्या ते करत होत्या आणि अठरा वर्षं म्हणत होत्या की यापेक्षा लग्नं जुळवणं सोपं, तिथे दोन्हीकडची माणसं निदान नटून तरी येतात.

डॉक्टरांच्या अटी ऐकून दुसऱ्या कुणीही हात टेकले असते. एकांना बोलकी मुलं खपत नसत, दुसऱ्यांना मुखदुर्बळ. हाडांच्या एका डॉक्टरांना अत्तर मारलेला विद्यार्थी आला की शिंकांवर शिंका येत. मुलांच्या डॉक्टरीणबाईंना उंच विद्यार्थी नको असे, कारण बाळं त्याच्याकडे बघून भोकाड पसरतात. विद्यार्थ्यांची तऱ्हा आणखी न्यारी, ज्याला त्याला हॉस्पिटल घराजवळचं हवं आणि कँटीन बरं असलेलं हवं. जागाबाई हे सगळं एका जाड वहीत टिपून ठेवत आणि मग बरोबर उलट करत. बडबड्याला घुम्या डॉक्टरांकडे, धांदरटाला घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या डॉक्टरांकडे. "पहिल्या आठवड्यात दोघंही मला शिव्या घालतात," त्या म्हणायच्या, "आणि बाराव्या आठवड्यात दोघंही सोडायला तयार नसतात."

या वर्षी तेवीस जणांची सोय लागली होती. चोविसाव्या होत्या काकू.

काकू एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. वर्गातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांना काकू करून टाकलं, मग शिकवणारेही म्हणायला लागले, आणि त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठ्या असलेल्या जागाबाईसुद्धा त्यांना बिनदिक्कत काकू म्हणत. त्याआधी अकरा वर्षं त्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या होत्या. कॉलेजात आल्यावर मध्येच आईनं अंथरूण धरलं म्हणून त्यांचं एक वर्ष गेलं. कॉलेजचा नियम असा की खंड एकदाच पडू द्यायचा, दुसऱ्यांदा पडला की नाव कायमचं कमी. आता शेवटचे बारा आठवडे राहिले होते, फॅमिली डॉक्टरांकडचे. ते सोमवारी सुरू व्हायलाच हवे होते, आणि डॉक्टरांच्या सहीचं संमतीपत्र शुक्रवारी पाचच्या आत कचेरीत पोचायला हवं होतं.

ठरलेल्या डॉक्टरांनी गेल्या रविवारी शिडीवरून पडून पाय मोडून घेतला. दुसरे एक तरुण डॉक्टर सापडले, ते काकूंचं वय ऐकून चाचरले.

"वयानं मोठ्या बाईंना मी रागावणार कसा?"

"रागवायलाच हवं असं कुठे लिहिलंय?" जागाबाईंनी विचारलं.

"नाही, पण मला सवय आहे हो."

शुक्रवार उजाडेपर्यंत अख्ख्या वहीत एकच नाव उरलं होतं, आणि त्याच्यापुढे जागाबाईंनीच कधीतरी लाल शाईनं मोठी फुली मारून ठेवली होती. ते नन्ना डॉक्टर. पेठेच्या टोकाला त्यांचा जुना दवाखाना होता, पेशंटची रीघ लागायची, पण विद्यार्थी म्हटलं की त्यांचा नन्नाचा पाढा सुरू. एके काळी ते कॉलेजात येऊन शिकवत असत म्हणे. मग काय बिनसलं कुणास ठाऊक, त्यांनी येणं सोडलं, आणि जागाबाईंच्या अठरा वर्षांत एकाही विद्यार्थ्याला उंबरा ओलांडू दिला नाही.

जागाबाईंनी सकाळपासून पाच फोन केले. पाचही फोन दवाखान्यातल्या टोकनवालीनं घेतले. तिचा आवाज थंड होता.

"डॉक्टर फक्त पेशंटना भेटतात."

"मला दोनच मिनिटं हवीत हो."

"दोन मिनिटांचा आजार असेल तर टोकन घ्या."

जागाबाईंनी फोन ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू उमटलं की समोर बसलेल्या काकू सावरून बसल्या. "चला," जागाबाई पर्स उचलत म्हणाल्या. "मी आजारी पडलेय."

बसमध्ये त्यांनी सगळा बेत सांगितला. जागाबाई पेशंट, काकू त्यांची धाकटी बहीण. आत शिरायचं, चक्कर येते म्हणून सांगायचं, कारण चक्कर बाहेरून दिसत नाही, आणि एकदा डॉक्टरांनी नाडी धरली की त्यांना निसटता येणार नाही, मग हळूच संमतीपत्र पुढे सरकवायचं.

"मॅडम, डॉक्टरांशी खोटं बोलायचं?" काकू कासावीस झाल्या.

"खोटं कसलं? याला पूर्वतयारी म्हणतात. तुम्ही फक्त बाहेर बसा आणि बहिणीसारखा काळजीचा चेहरा करा."

काळजीचा चेहरा करायला काकूंना काही कष्ट पडले नाहीत. दुपारभर त्यांचा तोच चेहरा होता.

दवाखान्यात दोन लांब बाकं, एक वजनकाटा आणि तिन्ही त्रिकाळ खोकणारे एक आजोबा होते. टोकनवालीनं चष्म्यावरून दोघींना न्याहाळलं आणि चौदा नंबरचा पिवळा बिल्ला जागाबाईंच्या हातात टेकवला. आत जायला पावणेचार वाजले.

नन्ना डॉक्टर सत्तरीला टेकलेले, किडकिडीत, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय होतंय?"

आणि जागाबाई सुटल्या. तीन दिवसांपासून चक्कर येते. सकाळी कूस बदलताना येते. खोली गरगर फिरल्यासारखी वाटते, पण अर्ध्या मिनिटात थांबते. मळमळतं पण उलटी होत नाही. कानात आवाज नाही, ऐकायला कमी येत नाही, डोक्याला मार लागलेला नाही, याआधी असं कधी झालेलं नाही. सगळं घडाघडा, न अडखळता, एका दमात.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कानात आवाज येतो का, ते मी अजून विचारलेलं नाही."

"येत नाही ना, म्हणून सांगितलं."

"तुमच्या घरात कुणाला हा त्रास होता?"

"मावशीला," जागाबाई म्हणाल्या, "ती शिवणकाम करायची."

"आणि मावशी आता दुसऱ्या गावी असते," डॉक्टर म्हणाले.

घोटाळा आता जागाबाईंच्या ध्यानात आला. कॉलेजात दर वर्षी तोंडी परीक्षेला खोटे पेशंट बसवतात, त्यांना आजाराचं पाठांतर लिहून देतात. अठरा वर्षं त्या परीक्षेच्या खोलीत मागच्या खुर्चीवर बसून जागाबाईंनी ती पाठांतरं इतक्या वेळा ऐकली होती की चक्कर म्हटल्याबरोबर त्यांच्या तोंडून सात नंबरची केस जशीच्या तशी बाहेर पडली होती. शिवणकाम करणाऱ्या मावशीसकट.

"ती केस मी लिहिली होती," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मावशीही माझीच. कॉलेजातून आलात ना?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जागाबाईंनी पर्समधून संमतीपत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि काकूंची सगळी हकिकत सांगून टाकली. या खेपेला त्या अडखळल्या, कारण हे पाठ केलेलं नव्हतं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "बाई, मी का सोडलं ठाऊक आहे? मी बारा केसेस लिहिल्या आणि पोरांनी बाराही पाठ केल्या. पेशंट पहिलं वाक्य बोलतो न बोलतो तोच यांचं उत्तर तयार. माणूस बोलतोय, ते ऐकायलाच कुणी नाही. मला असली पोपटपंची नको इथे."

"आमच्या काकू तशा नाहीत."

"असं सगळ्यांबद्दलच सांगतात." ते उठले, दार उघडून बाहेर डोकावले. "पेशंटची बहीण कोण? या आत."

काकू आत आल्या. डॉक्टरांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि आपण खिडकीशी जाऊन उभे राहिले. "या बाईंना चक्कर येते. दहा मिनिटं घ्या. काय झालंय ते मला सांगा."

जागाबाईंनी पुन्हा तीच टकळी लावली, कूस, खोली, मळमळ. दुसऱ्या वाक्यालाच काकूंच्या डोळ्यांत ओळख पटल्याची चमक दिसली आणि जागाबाईंचा जीव भांड्यात पडला. सात नंबर! वर्गातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारावं, कानातल्या तोलाचा बिघाड, मान अमुक बाजूला वळवून तपासायचं, दहापैकी दहा गुण. काकूंनी तेवढं म्हणायचं आणि सोमवारी नऊ वाजता रुजू व्हायचं. जागाबाई डोळे मोठे करून करून खुणावत होत्या. म्हणा की हो बाई, म्हणा.

काकूंनी डॉक्टरांकडे मान वळवली.

"डॉक्टर, मॅडमना चक्कर येत नाही. ही परीक्षेतली केस आहे."

झालं. बुडालं सगळं. जागाबाईंना त्या खुर्चीतून उठून काकूंना गदागदा हलवावंसं वाटलं. अठरा वर्षांत एकही जागा हातची गेली नव्हती, आणि आज हातात आलेली या बाईनं खरेपणापायी घालवली, तीही स्वतःचीच.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "मग झालं तुमचं?"

"नाही. माझी अजून आठ मिनिटं आहेत." काकूंनी खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, कॉलेजच्या जिन्यात पहिल्या वळणावर तुम्ही रोज नोटीस बोर्ड वाचत उभ्या राहता."

"मग? वाचू नये?"

"तिथे दोन वर्षांपूर्वीच्या सहलीची एकच नोटीस आहे."

जागाबाई काहीतरी फटकन बोलणार होत्या. जीभ त्यांची तशी कधी अडत नसे. पण काकूंनी पुढे काही विचारलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या, हात मांडीवर, जणू त्यांना आज दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. बाहेर आजोबा खोकले. घड्याळ पुढे सरकलं. ती शांतता जागाबाईंना अजिबात सहन होईना.

"दम लागतो जरा," त्या म्हणाल्या. "वय झालं, वजन वाढलं. त्यात काय सांगायचं?"

काकूंनी मान हलवली.

"सकाळी उठलं की मागून डोकं धरतं. चहा घेतला की जातं. म्हणजे आधी जायचं, आता नाही जात." मग जे यायला लागलं त्याला ना क्रम होता ना शेंडाबुडखा. संध्याकाळी चपला घट्ट होतात. मध्यंतरी वहीतली अक्षरं धूसर दिसली, त्या दिवशी त्यांनी चष्म्याला दोष दिला. घरी नवऱ्याला काही सांगितलं नाही, कारण तो लगेच सुट्टी घ्यायला लावेल आणि चोवीस जणांचं बघणार कोण? आणि मग, का ते त्यांनाही कळलं नाही, त्या म्हणाल्या, "माझी आई अशीच गेली. भाजी निवडता निवडता. चोपन्न वर्षांची होती." एवढं बोलून त्यांना स्वतःचं वय आठवलं आणि त्या घाबरल्या. खरंखुरं घाबरल्या.

काकूंनी रक्तदाबाचा पट्टा घेतला, जागाबाईंच्या दंडाकडे पाहिलं, तो परत ठेवला आणि कपाटातून मोठा पट्टा काढला. मोजलं. पाच मिनिटं गप्प बसवून दुसऱ्या हातावर मोजलं. मग वाकून घोट्यावर अंगठा दाबून पाहिला, तिथे खळी पडली.

"एकशे चौऱ्याऐंशी, एकशे दहा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "दोन्ही हातांवर जवळपास तेवढंच. पायांवर सूज आहे. दम लागतोय, मध्ये नजर धूसर झाली होती. मला वाटतं आजच ईसीजी काढावा, रक्त-लघवी तपासावी आणि गोळी सुरू करावी. पण ते तुम्ही ठरवाल."

डॉक्टर खिडकीपासून आले, त्यांनी स्वतः मोजलं, डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग काकूंकडे वळले. "सात नंबरचं उत्तर तुम्हाला येत होतं?"

"येत होतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"मला जागा मिळाली असती," काकू म्हणाल्या, "आणि मॅडम हे एवढं बीपी घेऊन तशाच घरी गेल्या असत्या."

"आणि आता मी नाहीच म्हटलं तर?"

काकूंनी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून ठेवला. "तर नाही. पण गोळी तरी लिहून द्या त्यांना."

डॉक्टरांनी संमतीपत्र ओढलं आणि सही ठोकली. सही इतकी झरकन झाली की जागाबाईंना ती दिसायलाही एक क्षण लागला. मग मात्र त्यांनी कागदावर झडप घातली. सव्वाचार! बसनं पाऊण तास, म्हणजे धावतपळत गेलं तर जेमतेम. त्या उठल्यासुद्धा.

"बसा," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, पाच वाजता कचेरी बंद! ईसीजी काय, उद्या काढू."

"मॅडम, बसा म्हणतेय ना." काकूंनी त्यांच्या हातातून पर्स काढून घेतली. "या स्थितीत तुम्ही बसच्या मागे पळणार नाही."

"तुमचं नाव कायमचं जाईल!"

"जाऊ दे."

नन्ना डॉक्टरांनी फोन उचलला आणि कॉलेजला लावला. मी स्वतः बोलतोय, सही झाली आहे, फोटो पाठवतो, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पलीकडचे कारकून ठणकावण्यात त्यांच्या वरताण निघाले. नाही, मूळ कागदच लागतो. नाही, डॉक्टर असलात तरी नाही. नाही, पाच म्हणजे पाच. डॉक्टरांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. एवढे नकार एका दमात त्यांनी आजवर ऐकले नव्हते, फक्त दिले होते.

दारात टोकनवाली उभी होती. सगळं तिनं ऐकलं होतं, दाराआडून ऐकणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता. "आणा तो कागद इकडे," ती म्हणाली. "माझी स्कूटर आहे." आणि डॉक्टरांकडे वळून, "वीस नंबरपर्यंत तुमचे तुम्ही हाका मारा."

जागाबाईंना आतल्या टेबलावर झोपवलं. काकूंनी छातीवर, हातांना, पायांना एकेक वायर लावली. हात थंड होते, पण चुकत नव्हते. बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. जागाबाई छताकडे बघत पडून राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो पोरांना असल्या खोल्यांत धाडलं होतं, पण या टेबलावरून वर बघितलं की पंखा कसा दिसतो ते त्यांना माहीत नव्हतं.

यंत्र दोनदा रुसलं. एक वायर निसटली, ती परत लावली. तेवढ्यात मध्ये दोन पेशंट डॉक्टरांना दाखवून गेले.

पाचला चार मिनिटं असताना जागाबाईंचा फोन वाजला. सवयीनं त्यांचा हात पर्सकडे गेला.

"हलू नका," काकू म्हणाल्या, "आणि बोलू नका. आत्ता ईसीजीची पट्टी सुरू होतेय." त्यांनीच फोन घेतला आणि कानाशी धरला. "हो, मॅडमचाच फोन. पोचला कागद? बरं. नाही, मॅडम आत्ता बोलू शकत नाहीत. त्या पेशंट आहेत." पलीकडून कारकुनांनी काहीतरी विचारलं. काकूंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते आणि मुळीच मदत करत नव्हते.

"मी?" काकू म्हणाल्या. "मी इथली फिजिशियन असिस्टंट बोलतेय. म्हणजे, शिकाऊ. सोमवारपासून."

जागाबाईंना हुंदका आला की हसू, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्ही एकदमच आलं असावं, कारण टेबल हललं, वायरी हलल्या आणि यंत्रातून बाहेर येणाऱ्या कागदावर डोंगरच्या डोंगर उठले.

डॉक्टरांनी ती पट्टी फाडून बघितली आणि टोपलीत टाकली.

"ही वाया गेली," ते काकूंना म्हणाले. "पेशंटला जरा रडू द्या. मग दुसरी काढा."